विद्यापीठाचे ज्ञान वस्तीपर्यंत पोहोचले का, हे मोजणार कोण?

कोणत्याही विद्यापीठाचा किंवा महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. किती शोधनिबंध छापले, किती पेटंट मिळाली, उद्योगांशी किती सामंजस्य करार झाले, किती शिबिरे घेतली, त्यात किती विद्यार्थी आले, सगळे रकान्यात भरलेले असते. फोटोही असतात. पण शिबिर ज्या गावात झाले, सर्वेक्षण ज्या वस्तीत झाले, करार ज्या कारखान्याशी झाला, तिथल्या माणसाला त्यातून काय मिळाले, हा रकाना सापडत नाही. आकडा देणाऱ्याने लिहिलेला असतो आणि घेणाऱ्याची सही त्यावर नसते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा प्रश्न वारंवार पडतो. आपल्या समाजातली मुले-मुली आज मोठ्या संख्येने महाविद्यालयात जातात, पीएच.डी. करतात. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे आपले नेहमीचे मुद्दे आहेत आणि ते राहणारच. पण विद्यापीठात तयार होणाऱ्या ज्ञानाचे पुढे काय होते, ते कोणाला मिळते आणि ते मिळाले की नाही हे कसे मोजले जाते, यावर आपल्या संघटनांमध्ये फारशी चर्चा होत नाही. ती आत्ताच व्हायला हवी, कारण मोजमापाचे नियम सध्या बदलत आहेत.

नियम बदलत आहेत

उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आपली जुनी श्रेणीपद्धत सोडून 'मान्यताप्राप्त' किंवा 'मान्यता नाही' अशा दुहेरी पद्धतीकडे चालली आहे. जुन्या पद्धतीवरचा विश्वास किती डळमळला होता ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली. प्रकरण दक्षिणेतले होते, पण जी श्रेणी पाहून आपली मुले महाविद्यालय निवडतात तिच्याविषयीच शंका निर्माण झाली.

दुसरा बदल अभ्यासक्रमात झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. पूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेत जाणारी ठरावीक मुलेच गावात यायची. आता जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी कारखान्यात, गावात किंवा वस्तीत जावे लागणार आहे. म्हणजे आपल्या वस्तीत प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढणार. त्यांना श्रेयांक मिळतील. वस्तीला काय मिळेल हे अजून कोणी ठरवलेले नाही.

सध्या काय मोजतात?

नॅकची विद्यापीठांसाठीची पद्धत २०१७ मध्ये सुधारली गेली. त्यात एकूण १००० गुण होते. त्यांपैकी २५० गुण संशोधन, नवोपक्रम आणि विस्तार या तिसऱ्या निकषाला होते. त्या २५० ची आतली वाटणी बोलकी आहे. शोधनिबंध, प्रकाशने आणि पुरस्कार यांना १००, सल्लासेवेला २०, इतर संस्थांशी सहकार्याला २० आणि विस्तारकार्याला ४०. म्हणजे हजारातले चाळीस गुण समाजासाठी. त्या चाळिसांतही कार्यक्रमांची संख्या आणि सहभागी विद्यार्थ्यांची टक्केवारी यांवर भर होता. दहा शिबिरे झाली तर दहा मोजायची. शिबिरानंतर गावात काय बदलले, हे त्या आकड्यात येत नव्हते.

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्या पाच निकषांत 'आउटरीच आणि इन्क्लुझिव्हिटी' असा एक निकष आहे आणि त्याचा वाटा १० टक्के आहे. नाव वाचून वाटते की विद्यापीठ समाजापर्यंत किती गेले ते इथे मोजत असतील. प्रत्यक्षात तिथे बाहेरच्या राज्यांतले आणि देशांतले विद्यार्थी किती, महिला किती, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती आणि अपंगांसाठी सोयी कोणत्या, हे पाहिले जाते. ही माहिती आपल्यासाठी मोलाची आहे, ती मोजलीच पाहिजे. पण त्यातून विद्यापीठाच्या आत कोण आले ते कळते. विद्यापीठातून बाहेर काय गेले ते कळत नाही. बाहेर जाणाऱ्या ज्ञानाचा माग याच क्रमवारीत दुसरीकडे, संशोधनाच्या निकषात लागतो. तिथे मोजतात ते पेटंट आणि प्रकल्प व सल्लासेवेतून आलेला पैसा.

इथेच मुख्य अडचण आहे. ज्ञान बाहेर गेले याचा पुरावा म्हणून पैसा धरला, तर ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच दिलेले ज्ञान मोजले जाते. एखाद्या कंपनीने प्राध्यापकांकडून माती तपासून घेतली आणि शुल्क भरले, तर ती सल्लासेवा होते. त्याच प्राध्यापकांनी एखाद्या वस्तीतल्या हातपंपाचे पाणी फुकट तपासून दिले, तर ते फार तर एक 'उपक्रम' म्हणून नोंदले जाते. दोन्हीकडे ज्ञान तेच, प्रयोगशाळा तीच, मेहनतही तितकीच. गुण मात्र वेगळे.

इंग्लंडने काय केले?

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर 'नॉलेज एक्स्चेंज फ्रेमवर्क' नावाची स्वतंत्र पद्धत आहे. तिथल्या विद्यापीठांना संशोधनासाठी सरकारी निधी वाटणारी 'रिसर्च इंग्लंड' ही संस्था ती चालवते. पहिले निकाल मार्च २०२१ मध्ये आले. विद्यापीठ आपले ज्ञान बाहेर किती देते हे तिथे सात बाजूंनी पाहतात: संशोधनातील भागीदारी, उद्योगांसोबतचे काम, सरकारी आणि स्वयंसेवी संस्थांसोबतचे काम, कौशल्य व उद्योजकता, स्थानिक भागाचा विकास, पेटंटसारख्या बौद्धिक संपदेचा वापर, आणि सातवी बाजू म्हणजे सर्वसामान्य लोक व स्थानिक समाज यांच्याशी असलेले नाते.

यातल्या दोन गोष्टी आपण लक्षात घ्याव्यात. पहिली, तिथे एकच क्रमवारी लावत नाहीत. सारख्या आकाराच्या, सारख्या स्वरूपाच्या विद्यापीठांचे गट करून गटातच तुलना करतात. ऑक्सफर्डला एखाद्या छोट्या प्रादेशिक विद्यापीठाशेजारी उभे करून छोट्याला नापास ठरवत नाहीत. आपल्याकडे बांभोरीच्या विद्यापीठाला मुंबई-पुण्याच्या संस्थांसोबत एकाच फूटपट्टीने मोजले जाते, तेव्हा हा फरक आठवावा. दुसरी गोष्ट, समाजाशी असलेले नाते ही तिथे स्वतंत्र बाजू आहे, ती उद्योगाच्या किंवा शिबिरांच्या रकान्यात मिसळून टाकलेली नाही.

पण तिथेही उणीव आहे. बहुतेक बाजू उत्पन्नाच्या आकड्यांवरून मोजल्या जातात, आणि समाजाशी नात्याची बाजू विद्यापीठ स्वतःच स्वतःला गुण देऊन आणि वर्णन लिहून भरते. म्हणजे घेणाऱ्याला विचारण्याचे काम तिथेही राहूनच गेले आहे. ते काम खानदेशात सुरू करायला आपल्याला लंडनची परवानगी लागत नाही.

खानदेशातली दोन उदाहरणे

ज्ञान खरोखर लोकांपर्यंत गेले की काय होते, याची उदाहरणे आपल्या मातीत आहेत.

पहिले उदाहरण भुईमुगाचे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेएल-२४, म्हणजे 'फुले प्रगती' हे वाण दिले. जेएल म्हणजे जळगाव. लवकर येणारे हे उपटे वाण देशभर पेरले गेले आणि पुढे आफ्रिकेत गेले. मलावी देशात ते 'काकोमा' या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आले. या वाणाचे यश कोणत्या सामंजस्य कराराने सिद्ध करायची गरज पडली नाही. शेतकऱ्याने बी ठेवले आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरले, हाच त्याचा पुरावा.

दुसरे उदाहरण शिरपूर तालुक्यातील पाण्याचे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास तिथे काम सुरू केले. स्थानिक नेतृत्वाने त्यासाठी पैसा आणि यंत्रे उभी केली. तालुक्यात कुठे काळा खडक आहे आणि कुठे तापीचा गाळ, कोणता थर पाणी खाली जाऊ देत नाही, याचा अभ्यास करून नाले रुंद व खोल केले, त्यांवर साखळीने बंधारे बांधले, कोरड्या विहिरींत पाणी सोडून खालच्या थरांचे पुनर्भरण केले. विहिरींना पाणी आले. हे ज्ञान प्रयोगशाळेतून गावात गेले आणि त्याची खात्री विहिरीत डोकावून करता येत होती.

पुढे काय झाले, तेही शिकण्यासारखे आहे. 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गाजला आणि जलयुक्त शिवारच्या काळात नाले खोल करण्याची कामे गावोगावी निघाली. प्रत्येक गावाचा खडक शिरपूरसारखा नसतो, त्यामुळे सरसकट नाले खोदण्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यातून अभ्यास समिती नेमली गेली. शिरपुरातून बाहेर पडताना खडकाचे ज्ञान मागे राहिले आणि किती किलोमीटर नाला खोदला हा आकडा पुढे गेला. चुकीचे मोजले की चांगल्या कामाचेही असे होते.

या दोन्ही उदाहरणांना आपल्या बाजूने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. बी सुधारले, विहिरीला पाणी आले, त्याचा पहिला लाभ ज्याची जमीन आहे त्याला मिळतो. आपल्यातली असंख्य कुटुंबे शेतात राबतात, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये घड वाहणाऱ्या, फवारणी करणाऱ्या माणसासाठी कोणते संशोधन झाले? केळीवरच्या विषाणूचा अभ्यास हवाच. पण फवारणी करणाऱ्या मजुराच्या त्वचेचा आणि फुप्फुसाचा अभ्यासही तितकाच हवा. ज्ञान समाजापर्यंत गेले असे म्हणताना त्या समाजातल्या कोणापर्यंत गेले, हे वेगळे विचारल्याशिवाय मोजमाप पुरे होत नाही.

गाव दत्तक योजनेतही हेच दिसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी गावे निवडून तिथे काम करायचे असते. कार्यक्रम बहुधा ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेत होतो. गावाच्या कडेची बौद्ध वस्ती, त्यापलीकडची भिल्ल वस्ती त्या कार्यक्रमाला आली का, हे अहवालातून कळत नाही. अहवालात गाव एकच असते.

उद्योग म्हणजे फक्त मालक?

जळगाव म्हटले की डाळ मिल, प्लॅस्टिकच्या चटया, ठिबक आणि पाइप, सोन्याचा बाजार. धुळे म्हटले की यंत्रमाग, तेलगिरण्या, अवधान आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहती. विद्यापीठाने उद्योगाशी जोडून घ्यावे असे सगळेच म्हणतात, आम्हीही म्हणतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने त्यासाठी नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्याची व्यवस्थाही उभी करायला सांगितली आहे.

पण उद्योगाशी करार म्हणजे बहुतेक वेळा मालकाशी किंवा व्यवस्थापनाशी करार. त्याच कारखान्यात कंत्राटी म्हणून बारा-बारा तास काम करणारा आपला भाऊ आणि डाळ निवडणारी आपली ताई हेही उद्योगच आहेत. डाळ मिलमधली धूळ, चटई कारखान्यातला तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, यंत्रमागाचा आवाज यांचा कामगारांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, कोणता साधा मास्क किंवा पंखा लावला तर फरक पडेल, हा रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून करण्यासारखा अभ्यास आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा योजनेचे हक्क कंत्राटी कामगाराला समजतील अशा भाषेत सांगणे हाही ज्ञानप्रसारच आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एकत्र बसून प्रश्न सोडवण्याची त्रिपक्षीय रीत त्यांच्या काळात देशात रुजली. विद्यापीठ आणि उद्योग यांच्या प्रत्येक करारात कामगारांची तिसरी खुर्ची असावी, ही मागणी त्याच रीतीला धरून आहे.

वरून झिरपण्याची जुनी कल्पना

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, या सरकारच्या समजुतीवर त्यांनी बोट ठेवले. पैसा रयतेच्या करातून येतो आणि शिक्षण मात्र मोजक्यांना मिळते, हा त्यांचा हिशेब होता. आज आपली मुले विद्यापीठात आहेत, हा मोठा बदल आहे. पण विद्यापीठातले ज्ञान आपोआप समाजात झिरपेल, ही समजूत अजून तशीच आहे. शोधनिबंध छापला की तो कधीतरी लोकांच्या कामी येईल, पेटंट घेतले की त्याची वस्तू कधीतरी बाजारात येईल, असे धरून गुण दिले जातात.

बाबासाहेबांनी हाच धागा विद्यापीठाच्या कारभारापर्यंत नेला. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडले की, बुद्धी आहे पण पैसा किंवा इतर अडचणींमुळे शिकता येत नाही, अशांना शिक्षणाची सोय करून देणे हे विद्यापीठाचे काम आहे. मागासवर्गीयांना अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, जागा हवी असा त्यांचा आग्रह होता. ज्ञान कोणासाठी हे ठरवणाऱ्या टेबलापाशी आपला माणूस हवा, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

देवाण आणि घेवाण

आणखी एका बाजूकडे कोणतीही मूल्यांकनपद्धत बघत नाही. देवाणघेवाण म्हटली की समाजाने काय दिले, तेही मोजायला हवे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही या विद्यापीठाची हद्द. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेले त्यांचे काव्य घरातल्या माणसांनी टिपून ठेवले आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्याचे पुस्तक आले. ज्या बाईला विद्यापीठाचे दार माहीत नव्हते, तिच्याकडून विद्यापीठाने नाव घेतले. ज्ञान शेतातून पुस्तकात जाते, याची याहून जवळची खूण खानदेशात दुसरी नाही.

तेच आपल्या वस्त्यांच्या बाबतीत रोज घडते. समाजशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र या विषयांतले कितीतरी प्रबंध आपल्या जगण्यावर उभे आहेत: स्थलांतर, ऊसतोड, सफाई काम, धर्मांतरानंतरचे बदल, महिला बचत गट. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी होतो, आम्हीही प्रश्नावल्या घेऊन घरोघर गेलो आहोत. प्रबंध 'शोधगंगा' संकेतस्थळावर चढतो, संशोधकाला पदवी मिळते, मार्गदर्शकाच्या नावावर एक विद्यार्थी वाढतो. ज्या बायांनी दोन-दोन तास बसून उत्तरे दिली, त्यांच्यापर्यंत चार पानांचा मराठी किंवा अहिराणी सारांशही येत नाही. वस्तीतली एक आजी आम्हाला म्हणाली, "पोरं येतंस, लिही लेतंस, चालना जातंस." प्रश्न विचारायला तीन वेळा वेगवेगळी मुले आली, निष्कर्ष सांगायला कोणी आले नाही, असे तिचे म्हणणे होते.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा किंवा प्राध्यापकांचा नाही, हेही सांगायला हवे. राज्यात प्राध्यापकांच्या असंख्य जागा रिक्त आहेत आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. ज्याला तासाचे पैसे मिळतात आणि सुट्टीत काहीच मिळत नाही, त्याने वस्तीत चार महिने काम करावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? या शिक्षकांत आपल्या समाजातले उच्चशिक्षित तरुणही पुष्कळ आहेत. विस्तारकार्याला गुण वाढवायचे असतील, तर त्यासाठी पगारी वेळ आणि निधी द्यावा लागेल. नाहीतर वाढतील ते फोटोच.

मग मोजायचे कसे?

आमचे म्हणणे एवढेच आहे की, विद्यापीठाने समाजाला दिलेले ज्ञान घेणाऱ्याच्या दारात मोजावे. त्यासाठी मोठे संगणकीय पोर्टल लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाला, सर्वेक्षणाला, शिबिराला पाच प्रश्न लावले तरी पुरे.

एक, हा विषय कोणी निवडला? वस्तीशी किंवा कामगारांशी आधी बोलणे झाले का?

दोन, काम संपल्यावर निष्कर्ष लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या ठिकाणी येऊन सांगितले का? कोणत्या तारखेला?

तीन, लाभ कोणाला झाला? त्यात भूमिहीन, महिला, कंत्राटी कामगार किती?

चार, एक वर्षानंतर काय टिकले? तपासलेले पाणी सुधारले का? शिकवलेले कोणी वापरते का?

पाच, ज्यांनी माहिती दिली आणि ज्ञान दिले, त्यांचा उल्लेख आणि त्यांची संमती नोंदली का?

समजा, एका महाविद्यालयाचे विद्यार्थी एखाद्या वस्तीतील चाळीस घरांच्या पिण्याच्या पाण्याचा क्षेत्रप्रकल्प करतात. आजच्या पद्धतीत तो 'एक प्रकल्प, चाळीस घरे, वीस विद्यार्थी' असा नोंदला जाईल. पाच प्रश्न लावले तर निकाल विहारात वाचून दाखवला की नाही, ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला अर्ज गेला की नाही, आणि वर्षाने नळाचे पाणी बदलले की नाही, हेही नोंदवावे लागेल. श्रेयांक देण्यापूर्वी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वस्तीतल्या दोन माणसांच्या सहीने यावे, एवढा नियम झाला तरी पुष्कळ काम मार्गी लागेल.

आपण काय करू शकतो?

यातले बरेचसे कायद्याच्या चौकटीत आजच शक्य आहे.

विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून १० सदस्य निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. वार्षिक अहवाल आणि अंदाजपत्रक याच अधिसभेपुढे येते. पण मत द्यायचे तर पदवीधर म्हणून नोंदणी करावी लागते, पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. आपल्या किती पदवीधरांची नोंदणी आहे? दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक जमतात. १९३७ मध्ये धुळ्याच्या कोर्टातील एका खटल्यासाठी आले असताना बाबासाहेब जिथे थांबले, त्या जागेला वंदन करायला ते येतात. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी पदवीधर नोंदणीची माहिती देणारे एक टेबल लागायला काय हरकत आहे?

प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य असतात. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात समाजसेवेच्या जागेवर कोण आहे, ते विचारा. त्या व्यक्तीला हे पाच प्रश्न नेऊन द्या.

विद्यापीठाचे आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ विस्तारकार्याची दिशा ठरवते. त्याला तरुण मंडळांनी, महिला मंडळांनी, कामगार संघटनांनी लेखी विषय सुचवावेत. नॅकचे स्वयंअध्ययन अहवाल आणि एनआयआरएफसाठी भरलेली माहिती संस्थांच्या संकेतस्थळावर असते. ती वाचा. आपल्या गावाचे, वस्तीचे नाव त्यात असेल तर जे लिहिले आहे ते खरे आहे का, हे वस्तीत बसून तपासा. जे सापडत नाही, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे.

आणि विहारात एक नोंदवही ठेवा. वस्तीत कोण आले, कोणत्या महाविद्यालयातून, काय विचारले, परत कधी येऊ म्हणाले आणि आले का, एवढेच लिहायचे. दोन-तीन वर्षांत जळगाव-धुळ्याच्या पन्नास विहारांत अशा वह्या भरल्या, तर विद्यापीठाच्या अहवालाशेजारी ठेवायला आपल्याकडे लोकांचा अहवाल असेल. अधिसभेत प्रश्न विचारणाऱ्या आपल्या प्रतिनिधीच्या हातात तेव्हा भाषणाबरोबर पुरावाही असेल.

शेवटची विनंती विद्यापीठात शिकणाऱ्या, संशोधन करणाऱ्या आपल्याच तरुणांना. नियम व्हायची वाट पाहू नका. तुमचा प्रबंध, तुमचा क्षेत्रप्रकल्प पूर्ण झाला की त्याची चार पाने सोप्या मराठीत, जमल्यास अहिराणीत लिहा आणि ज्यांनी तुम्हाला उत्तरे दिली त्यांच्यापुढे वाचा. लोक चुका काढतील, वाद घालतील, तुम्हाला माहीत नसलेले चार मुद्दे सांगतील. ते लिहून घ्या आणि प्रबंधाच्या पुढच्या प्रतीत त्यांच्या नावाने, त्यांची संमती घेऊन घाला.